ल्युपस, कोलेस्टेरॉल आणि तरुण स्त्रीचे हृदय

सुरत शहराच्या लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. त्यांतील बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून, तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाने पोटापाण्यासाठी तिकडे गेली. पुरुष यंत्रमागांवर, कापडाच्या मिलमध्ये किंवा बाजारात कामाला जातात. अनेक स्त्रिया घरात बसून साड्यांना लेस लावणे, टिकल्या-खडे चिकटवणे, धागे कापणे अशी नगावर मोबदला मिळणारी कामे करतात. विशी ते चाळिशीतील अशा कष्टकरी स्त्रीला हृदयविकाराचा झटका येऊ शकेल, असा विचार घरात कोणी करत नाही. सर्वसाधारणपणे तो विचार न करण्यात फारशी चूकही नसते, कारण मासिक पाळी सुरू असलेल्या वयात स्त्रियांना हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा बराच कमी असतो.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. ल्युपस हा आजार असलेल्या तरुण स्त्रीला निसर्गाचे हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. तिच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा आकडा सामान्य असला, तरी तिच्या धमन्या वयाच्या मानाने लवकर कठीण होऊ शकतात. रोगप्रतिकार यंत्रणा, कोलेस्टेरॉल आणि हृदय यांचा हा संबंध समजून घेतला, तर वेळीच करण्यासारखे पुष्कळ काही आहे. सुरतेसारख्या शहरात हे काम कुठे अडते आणि गोव्यातील वाचकांनी त्यातून काय घ्यावे, याचाही विचार येथे केला आहे.

ल्युपस म्हणजे काय

‘ल्युपस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या जुन्या कल्पनेतून हे नाव आले. पूर्ण नाव ‘सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस’; डॉक्टरांच्या कागदांवर ते ‘एसएलई’ असे आढळते. शरीराचे जंतूंपासून रक्षण करणारी यंत्रणा या आजारात आपल्याच पेशींना परके समजू लागते. पेशीकेंद्रातील घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही, प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे आणि त्यांनी धरलेले घटक यांचे पुंजके त्वचा, सांधे, मूत्रपिंड, हृदयाचे आवरण आणि रक्तवाहिन्या यांत अडकून तेथे दाह निर्माण करतात.

या आजाराच्या दहा प्रौढ रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींमध्ये तो १५ ते ४५ या वयात सुरू होतो. गालांवर आणि नाकाच्या वर फुलपाखराच्या आकाराचा लालसर चट्टा, उन्हात गेल्यावर वाढणारे पुरळ, सांधेदुखी, तोंडात न दुखणारे व्रण, केस गळणे, रेंगाळणारा ताप, कमालीचा थकवा, लघवीला फेस येणे आणि पायांवर सूज ही त्याची प्रमुख लक्षणे होत. सगळी लक्षणे एकाच वेळी दिसत नाहीत. त्यामुळे कधी संधिवात, कधी रक्तक्षय, तर कधी ‘अशक्तपणा’ म्हणून उपचार होत राहतात आणि निदानाला विलंब लागतो.

आजार दुर्मीळ आहे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक लाख लोकसंख्येमागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. ती पाहणी लहान आणि जुनी आहे. मात्र आजार दुर्मीळ असल्याने सामान्य दवाखान्यात त्याचा अनुभव कमी असतो, आणि त्याच्याशी जोडलेल्या हृदयविकाराचा तर त्याहून कमी, हे त्यातून ध्यानात येते.

मृत्यूची दोन शिखरे

ल्युपस आणि हृदय यांच्या नात्याकडे वैद्यकाचे लक्ष प्रथम ठळकपणे वेधले ते १९७६ मध्ये. टोरांटो येथील डॉ. मरे युरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. त्यांत ११ मृत्यू झाले. सहा निदानानंतरच्या पहिल्या वर्षात, तर पाच सरासरी साडेआठ वर्षांनंतर. आधीच्या मृत्यूंमागे सक्रिय ल्युपस आणि जंतुसंसर्ग होता. नंतरच्या मृत्यूंमध्ये मात्र ल्युपस बराचसा शांत झालेला होता आणि हृदयविकाराचा झटका हे प्रमुख कारण होते. आजारातून वाचलेला रुग्ण काही वर्षांनी हृदयाने दगावतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. सुझन मान्झी यांच्या गटाने ल्युपसग्रस्त ४९८ स्त्रियांची तुलना फ्रॅमिंगहॅम येथील प्रसिद्ध हृदय-अभ्यासातील स्त्रियांशी केली. ३५ ते ४४ या वयोगटात ल्युपस असलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण पन्नास पटींहून अधिक आढळले. हा आकडा वाचताना तारतम्य हवे. त्या वयातील निरोगी स्त्रियांमध्ये झटका इतका विरळ असतो की थोड्याशा घटनांनीही पट मोठी दिसते. ल्युपस असलेल्या प्रत्येकीला झटका येतो, असा त्याचा अर्थ नाही. सर्व वयोगट एकत्र धरले तर वाढ पुष्कळ कमी भरते. तरीही दिशा निर्विवाद आहे. ज्या वयात कोणी हृदयाचा विचार करत नाही, त्याच वयात या स्त्रियांच्या हृदयाचा विचार करावा लागतो.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात मानेतील कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी केली गेली. ल्युपस असलेल्या १९७ रुग्णांपैकी ३७ टक्क्यांच्या धमन्यांत चरबीचे थर आढळले. वय, लिंग इत्यादी बाबतींत तुल्य असलेल्या निरोगी व्यक्तींमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते.

भारतीयांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतर प्रदेशांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो. ल्युपसची भर या आधीच झुकलेल्या पारड्यात पडते.

धमनीच्या भिंतीत काय घडते

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. प्रत्येक पेशीचे आवरण, अनेक संप्रेरके आणि पित्त यांसाठी ते आवश्यक असते. रक्तात ते सुटे फिरत नाही; प्रथिनांच्या वेष्टनातील कणांतून त्याची वाहतूक होते. एलडीएल कण ते पेशींकडे नेतात, तर एचडीएल कण जास्तीचे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. म्हणून पहिल्याला ‘वाईट’ आणि दुसऱ्याला ‘चांगले’ म्हणण्याची रूढी पडली.

एलडीएल कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरले आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण झाले, की रोगप्रतिकार यंत्रणा त्यांच्याकडे परकीय म्हणून पाहू लागते. भक्षक पेशी ते कण गिळतात, फुगून फेसाळ होतात आणि तेथेच मरतात. हळूहळू थर साचतो. या थरात दाह धुमसत राहिला, तर त्याचे आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो. म्हणजेच धमनी कठीण होण्याची प्रक्रिया ही केवळ नळीत चरबी साचण्याची गोष्ट नाही. ती दाहाचीही गोष्ट आहे. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने याला बळकटी दिली. झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दाह कमी करणारे एक इंजेक्शन दिले असता, कोलेस्टेरॉल न घटताही पुढील झटक्यांचे प्रमाण काही अंशी कमी झाले.

ल्युपसमध्ये ही प्रक्रिया अनेक बाजूंनी वेग घेते. इंटरफेरॉन नावाची रसायने धमनीच्या अस्तराची दुरुस्ती करणाऱ्या पेशींना निष्प्रभ करतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मरताना डीएनएची जाळी बाहेर फेकतात. ती जाळी अस्तराला इजा करते आणि एचडीएलचेही नुकसान करते. मूत्रपिंडाला सूज असेल तर रक्तदाब वाढतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली की एलडीएल चढते. काही रुग्णांत फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतात. त्यांच्यामुळे चरबीचा थर नसतानाही गुठळी होऊन हृदयाचा किंवा मेंदूचा झटका येऊ शकतो, वारंवार गर्भपातही होतात.

कोलेस्टेरॉल आणि प्रतिकारशक्ती यांचे नाते उलट दिशेनेही आहे. टी-पेशींच्या आवरणावर कोलेस्टेरॉलने दाट झालेले ठिपके असतात. पेशीला मिळणारे इशारे तेथून आत पोहोचतात. ल्युपसच्या रुग्णांत हे ठिपके बदललेले असतात आणि टी-पेशी गरजेपेक्षा लवकर उत्तेजित होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रयोगशाळेत असे दाखवले, की अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने अशा पेशींतील हा बिघाड काही प्रमाणात सुधारतो. कोलेस्टेरॉल हा धमनीबरोबरच प्रतिकार यंत्रणेच्याही कारभाराचा भाग आहे, ही समज त्यातून पक्की झाली.

‘सामान्य’ अहवाल का फसवतो

ल्युपस सक्रिय असताना लिपिड प्रोफाइलमध्ये विशिष्ट चित्र दिसते. ट्रायग्लिसराइड वाढलेले, एचडीएल कमी झालेले, आणि एलडीएल पुष्कळदा मर्यादेत. अहवालातील एलडीएलच्या ओळीवर नजर टाकून ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, की एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढू शकतात; त्यामुळे उपचार बदलल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते.

त्याहून सूक्ष्म बाब एचडीएलची. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००६ मध्ये एचडीएलचे प्रमाण न मोजता त्याचे काम तपासले. निरोगी एचडीएल एलडीएलला ऑक्सिडीकरणापासून वाचवते. ल्युपस असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के जणींत मात्र ते उलट दाह वाढवणारे निघाले. निरोगी स्त्रियांत असे प्रमाण चार टक्के होते. रखवालदारच चोरांना सामील व्हावा, तसा हा प्रकार. नेहमीच्या प्रयोगशाळेत ही चाचणी होत नाही, त्यामुळे अहवालात एचडीएलचा आकडा पुरेसा दिसला तरी त्यावर विसंबता येत नाही.

धोका मोजण्याची प्रचलित कोष्टके वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवर चालतात. वय कमी असले की उत्तर आपोआप ‘कमी धोका’ असे येते. २००१ मधील एका कॅनडियन अभ्यासाने दाखवून दिले, की हे सर्व घटक हिशेबात धरले तरी ल्युपसमधील जादा झटक्यांचा उलगडा होत नाही; उरलेला वाटा खुद्द आजाराचा असतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१७ साली आलेल्या ‘क्यूरिस्क-३’ या कोष्टकात ल्युपस आणि स्टेरॉइडचा वापर या दोन स्वतंत्र नोंदी घातल्या गेल्या. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांनीही ल्युपससारख्या दीर्घकालीन दाहकारक आजारांना धोका वाढवणारे घटक मानले आहे.

या सगळ्याचा इत्यर्थ एका वाक्यात सांगता येतो. ल्युपसच्या रुग्णाच्या हृदयाचा विचार करताना कोलेस्टेरॉलच्या आकड्याशेजारी ल्युपस हाच एक धोका म्हणून लिहिला पाहिजे.

स्टॅटिनने काय साधते, काय साधत नाही

धोका इतका, तर प्रत्येक रुग्णाला कोलेस्टेरॉलची गोळी का देऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे २०० प्रौढ रुग्णांना दोन वर्षे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली; २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत हृदयधमन्यांतील कॅल्शियमच्या वाढीत फरक आढळला नाही. ल्युपसग्रस्त २२१ मुलामुलींवर तीन वर्षे चाललेल्या ‘अ‍ॅपल’ चाचणीतही धमन्यांच्या भिंतीची जाडी रोखण्यात स्टॅटिनला ठोस यश मिळाले नाही. चाचण्यांचा काळ थोडा होता आणि मोजले गेले ते धमन्यांतील बदल, प्रत्यक्ष झटके नव्हेत. तरीही केवळ ल्युपस आहे म्हणून सरसकट स्टॅटिन, ही शिफारस त्यांतून निघत नाही.

मात्र एलडीएल वाढलेले असेल, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार जोडीला असेल, मानेच्या धमनीत थर दिसला असेल, तर स्टॅटिनचा उपयोग इतर कोणाहीइतकाच ल्युपसच्या रुग्णालाही होतो, आणि तो टाळणे धोक्याचे ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० मिलिग्रॅमच्या खाली, धोका अधिक असलेल्यांचे ७० च्या खाली आणि अतिजोखमीच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे ल्युपसच्या रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून विचारावे. मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वी याविषयी सल्ला घ्यावा, कारण गरोदरपणात स्टॅटिन बहुधा थांबवले जाते.

हृदयाचेही रक्षण करणारी गोळी

ल्युपस ताब्यात ठेवणे हाच हृदयाच्या रक्षणाचा पहिला उपाय आहे, आणि त्याचा पाया हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियाच्या औषधांच्या कुळातील गोळी. ती आजाराचे उद्रेक कमी करते, गुठळ्यांची शक्यता घटवते आणि एलडीएल व रक्तशर्करेवरही तिचा सौम्य अनुकूल परिणाम होतो. मात्रा वजनानुसार ठरते. दिवसाला दर किलोमागे पाच मिलिग्रॅम हे उद्दिष्ट धरले जाते. दीर्घकाळ घेतल्यास दृष्टिपटलावर परिणाम होण्याची शक्यता असल्याने सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांची तपासणी करतात. गरोदरपणातही ती सहसा चालू ठेवली जाते. ‘बरे वाटते आहे’ म्हणून ती परस्पर बंद करणे हे आजार उसळण्याचे नेहमीचे कारण आहे.

या गोळीचे मोल २०२० मध्ये वेगळ्याच रीतीने कळले. मार्च महिन्यात करोनाच्या प्रतिबंधासाठी तिची शिफारस झाली आणि काही दिवसांतच ती औषधांच्या दुकानांतून दिसेनाशी झाली. केंद्र सरकारने निर्यात रोखली आणि २६ मार्च रोजी विक्रीवर कडक निर्बंध घातले. अहमदाबादच्या झायडस आणि मुंबईच्या इप्का या कंपन्या तिच्या मोठ्या उत्पादक. म्हणजे ती बनवणाऱ्या प्रदेशातच ल्युपस आणि संधिवाताच्या रुग्णांना ती शोधत फिरावे लागले. पुढे जून महिन्यात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने करोनाच्या रुग्णालयीन रुग्णांना तिचा लाभ नसल्याचे दाखवले. ज्यांना ती खरोखर हवी होती, त्यांच्या उपचारात मात्र खंड पडून गेला होता.

स्टेरॉइडचे गणित नाजूक आहे. मूत्रपिंड किंवा मेंदूवर आघात झाला असता तेच जीव वाचवते. पण मोठी मात्रा दीर्घकाळ चालली, तर वजन, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल सर्वच वाढते. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींनुसार कायमची मात्रा प्रेडनिसोलोन पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावी आणि शक्य तेथे ते थांबवावे. हे काम डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने करायचे असते. रुग्णाने एका दिवसात गोळी सोडणे प्राणावर बेतू शकते. सांधे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने घेणे हेही हृदय आणि मूत्रपिंड दोहोंना घातक आहे.

सुरतेचे ताट, खानदेशी आणि गोमंतकीय

‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण गुजरातीइतकीच सुरतकर मराठी घरांतही ऐकू येते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदणी पडव्याला, मावा आणि सुक्यामेव्याच्या सारणावर तुपाचा जाड थर दिलेली घारी खाल्ली जाते. सकाळी तेल-शेव घातलेला लोचो, हिवाळ्यात तेलात मुरलेला उंधियो. खानदेशी घरांत वरणबट्टीवर तुपाची धार असतेच. सणाचा एक घास आजार ओढवत नाही. रोजच्या स्वयंपाकात वापरले जाणारे वनस्पती तूप, पुनःपुन्हा तापवलेले तेल आणि फरसाण यांचा मात्र विचार करायला हवा. खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्सफॅटची मर्यादा भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली आहे. पण तेच तेल दिवसभर उकळत राहिले तर कायद्याच्या मर्यादेचा उपयोग उरत नाही.

खानदेशी परंपरेतील कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, कडधान्ये आणि मूठभर शेंगदाणे हे याउलट हृदयाला मानवणारे अन्न आहे. गोव्यात बांगडे आणि तारले यांतून ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात, ती ट्रायग्लिसराइड कमी करण्यास मदत करतात. खोबरेल तेल मात्र एलडीएल वाढवते, म्हणून त्याचा हात आखडता हवा. मूत्रपिंडाला सूज असेल तर मीठ, लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांवर बंधन येते.

मशेरी, गुटखा आणि विडी-सिगारेट पूर्णपणे सोडणे हा आहाराहूनही प्रभावी उपाय आहे. दिवसभर मांडी घालून साड्यांवर काम करणाऱ्या स्त्रीने तासातासाने उठून चालावे. व्यायाम सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर करावा, कारण कडक ऊन ल्युपसला चेतवते.

‘प्रतिकारशक्ती वाढवण्याचा’ मोह

करोनाच्या काळापासून प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या घरोघरी पोहोचल्या. ल्युपसमध्ये हा सल्ला जपून घ्यावा लागतो. येथे प्रतिकारशक्ती केवळ कमी नसते. ती दिशाहीन झालेली असते. स्वतःच्या अवयवांवर ती तुटून पडते आणि जंतूंशी लढताना, विशेषतः औषधांच्या प्रभावाखाली, तोकडी पडते. जनावरांचा चारा म्हणून परिचित असलेल्या लसूणघासाचे मोड आणि अर्क ‘अल्फाल्फा’ या नावाने पूरक आहार म्हणून विकले जातात. त्यांतील एका घटकाने ल्युपस उसळू शकतो, म्हणून ते वर्ज्य मानतात. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तीत प्रतिकार यंत्रणाच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. हा वाद बाजूला ठेवला, तरी ल्युपसच्या रुग्णाने कोणताही काढा सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे शहाणपणाचे आहे. जंतुसंसर्गापासून संरक्षणासाठी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी उपयुक्त ठरतात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना सहसा देत नाहीत.

छातीत दुखले तर

ल्युपसमध्ये छातीत दुखण्याची कारणे अनेक असतात. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर दीर्घ श्वास घेताना, आडवे होताना कळ वाढते आणि पुढे वाकून बसल्यास काहीशी थांबते. झटक्याची वेदना बहुधा दाब पडल्यासारखी असते; ती जबड्यात, खांद्यात किंवा हातात जाते, घाम येतो, मळमळते. स्त्रियांमध्ये कधी वेदना सौम्य असते आणि धाप किंवा अनाकलनीय थकवा हेच लक्षण असते. दोहोंतील फरक घरी ठरवता येत नाही. अशा वेळी ‘पित्त असेल’ म्हणून वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो क्रमांक गुजरात आणि गोवा या दोन्ही राज्यांत चालतो. रुग्णालयात पोहोचताच ‘हिला ल्युपस आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे. वय पाहून ईसीजी आणि ट्रोपोनिनची तपासणी टाळली जाऊ नये, यासाठी ते महत्त्वाचे आहे.

योजनांमधील फट

सुरतेत मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल रुग्णालय आणि महापालिकेचे ‘स्मीमेर’ ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. गुजरातमध्ये आयुष्मान योजनेखाली कुटुंबाला वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. या विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती बेतलेल्या आहेत. झटका आल्यावर अँजिओप्लास्टीचा खर्च भागू शकतो. तो येऊ नये म्हणून दरमहा लागणाऱ्या गोळ्या आणि तपासण्यांचा भार मात्र सरकारी रुग्णालयात नियमित न जाणाऱ्या कुटुंबाला स्वतःच उचलावा लागतो. स्टॅटिनसारखी औषधे जनऔषधी केंद्रांत स्वस्तात मिळतात, एवढा दिलासा आहे.

दुसरी फट वयाची. रक्तदाब आणि मधुमेहासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत होणारी सर्वेक्षण-तपासणी तिशीनंतरच्या व्यक्तींसाठी आहे. बाविसाव्या वर्षी ल्युपस झालेली आणि स्टेरॉइड घेणारी मुलगी त्या जाळ्यात येतच नाही.

तिसरी अडचण स्थलांतराची. सुरतेत काम आणि खानदेशात गाव असलेली रुग्ण कधी इकडे, कधी तिकडे औषध घेते; बाळंतपणासाठी माहेरी जाते. एका डॉक्टरने सुरू केलेले स्टेरॉइड दुसऱ्याला ठाऊक नसते, जुने अहवाल मागे राहतात. कामासाठी गोव्यात आलेल्या परप्रांतीय कुटुंबांचीही हीच कथा आहे.

यावर साधा उपाय म्हणजे एक वही. तीत निदानाची तारीख, चालू औषधे व त्यांची मात्रा, फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांचा अहवाल, प्रत्येक भेटीतील रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने, वर्षातून किमान एकदा लिपिड प्रोफाइल व रक्तशर्करा आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहावी. रक्तदाब १३०/८० च्या खाली राखणे हे ल्युपसमध्ये उद्दिष्ट मानले जाते; तो वर गेला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतील तर अ‍ॅस्पिरिनची गरज आहे का, हे विचारावे आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात.

पूर्वी ल्युपसचे निदान म्हणजे थोड्या वर्षांचे आयुष्य, असे समजले जाई. आता योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण दशकानुदशके जगतात. ही वाढलेली वर्षे निर्धोक जावीत, यासाठी सांध्यांच्या आणि त्वचेच्या तक्रारींबरोबर प्रत्येक भेटीत हृदयाचाही प्रश्न निघाला पाहिजे. डॉक्टरांनी तो काढला नाही, तर रुग्णाने किंवा तिच्या घरच्यांनी काढावा.